गोठणाऱ्या जमिनीवरची घरे

थंड प्रदेशात घराचा पाया किती खोल न्यायचा, हे घराच्या वजनापेक्षा जमीन किती खोलवर गोठते यावर ठरते. बॉस्टनच्या परिसरात ही खोली चार फूट धरतात, शिकागोत साडेतीन फूट आणि मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात पाच फूट. लाकडी सांगाड्याचे दुमजली घर पेलायला घट्ट मातीत दीड-दोन फुटांचा चर पुरतो. त्याखालचे सगळे खोदकाम आणि काँक्रीट हिवाळ्याच्या नावे खर्ची पडते. पायाखालची माती गोठली की फुगते आणि घर उचलते. वसंतात बर्फ वितळला की तीच माती चिखलासारखी मऊ होऊन खाली बसते, आणि बसताना घर पूर्वीच्याच पातळीवर येईल याची खात्री नसते. दारे चौकटीत अडकतात, गिलाव्याला तिरक्या भेगा जातात, धुराडे भिंतीपासून सुटते.

महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारा अनुभव काळ्या मातीचा. विदर्भ-मराठवाड्यातली ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. म्हणून गवंडी तिच्यातून खाली मुरूम लागेपर्यंत चर नेतात. तिथे सगळा खेळ पाण्याचा. उत्तर अमेरिकेत आणि उत्तर युरोपात पाण्याच्या जोडीला उष्णताही येते, आणि तिथल्या पायांचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास बराचसा या उष्णतेचा इतिहास आहे. घर तापवण्याची पद्धत बदलली की मागोमाग पायाही बदलावा लागला. हा संबंध बांधणाऱ्यांच्या ध्यानात बहुधा नुकसान झाल्यावरच आला.

न्यू इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात आलेल्या इंग्रज वसाहतकऱ्यांची सुरुवातीची कित्येक घरे थेट जमिनीत पुरलेल्या खांबांवर उभी होती. असे खांब कुजत, आणि त्याआधीच हिवाळा त्यांना जागेवरून हलवी. टिकाऊ घर बांधायचे तर खाली दगडी तळघर हवे, हे लवकरच ठरून गेले. दगडाला तोटा नव्हता. हिमयुगातल्या हिमनद्यांनी हा सगळा मुलूख गोल-ओबडधोबड धोंड्यांनी भरून ठेवला होता, आणि जंगल तोडून जमीन उघडी पडल्यावर ती पूर्वीपेक्षा खोलवर गोठू लागली, तसे गाडलेले धोंडे दर वसंतात वर येऊ लागले. शेतकऱ्याने ते वेचून बांधाला लावले, तळघराच्या भिंतीत रचले. जी शक्ती घरे उचलून वाकडी करत होती, तिनेच घरांना पायाचा दगड पुरवला.

या भिंती बहुधा चुन्याशिवाय, नुसत्या रचून घातलेल्या असत. वरकरणी हे निकृष्ट बांधकाम वाटते. थंडीच्या दृष्टीने ते शहाणपणाचे होते. सांध्यांतून पाणी आत झिरपे, तळघराच्या कच्च्या जमिनीवरून वाहून जाई आणि भिंतीमागे साचून गोठत नसे. जमीन थोडी हलली तर दगडही थोडे सरकत, पण भिंत फुटत नसे. बटाटे, सफरचंदे, मुळे आणि सायडरची पिंपे ठेवायला तळघर लागे; ते गार हवे, पण गोठता कामा नये. घराच्या मधोमध असलेल्या अवजड धुराड्याचा पाया तळघरातूनच वर जाई आणि त्याची थोडी ऊब खाली उतरे. एवढ्याने भागत नसे, म्हणून शरद ऋतूत जोत्याभोवती पालापाचोळा, पेंढा, सूचिपर्णी झाडांच्या फांद्या आणि किनाऱ्यावर समुद्री गवत यांचा बांध घालण्याची रीत होती. त्यावर बर्फ पडला की पांघरूण आणखी जाड होई. वसंतात हा बांध काढून टाकावा लागे, नाही तर जोत्यावरची लाकडी तुळई ओलीने कुजत असे. मेन राज्यातल्या खेड्यांत ही चाल विसाव्या शतकातही होती. विसाव्या शतकातल्या अभियंत्यांनी पायाच्या कडेने उष्णतारोधक फळ्या पुरायला सुरुवात केली ती याच तत्त्वावर, पण पालापाचोळ्याच्या बांधाची आठवण त्यांच्या नियमावल्यांत कुठे दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दगड फोडण्याचे नवे तंत्र पसरले. ओळीने भोके पाडून त्यांत पाचरी ठोकल्या की ग्रॅनाइट सरळ रेषेत फुटे. त्यामुळे जमिनीवर दिसणारा जोत्याचा भाग चौकोनी घडीव चिऱ्यांचा झाला. जमिनीखाली मात्र ओबड धोंडेच राहिले. याच काळात वरचे घर बदलले. १८३० च्या दशकात शिकागोच्या परिसरात घरबांधणीची एक हलकी पद्धत रूढ झाली. जाड तुळया आणि खाचा पाडून बसवलेले सांधे जाऊन त्यांच्या जागी बारीक फळ्या आणि कारखान्यातले खिळे आले. असे घर स्वस्तात आणि लवकर उभे राही. त्याचे दोन परिणाम झाले. घराचे वजन इतके घटले की गोठणाऱ्या मातीला ते उचलणे आणखी सोपे गेले, आणि माणसालाही.

माणसाने ते उचलल्याची सर्वांत ठळक उदाहरणे शिकागोचीच आहेत. दलदलीवर वसलेल्या या शहरात सांडपाण्याचे नळ घालण्यासाठी १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रस्त्यांची पातळी वाढवण्यात आली आणि मग रस्त्याकडेच्या इमारती वर घेणे भाग पडले. इमारतीखाली शेकडो स्क्रू-जॅक बसवायचे, प्रत्येक मजुराकडे काही जॅक सोपवायचे आणि इशारा होताच सगळ्यांनी एकदम थोडा थोडा फेरा द्यायचा. १८६१ मध्ये विटांचे ट्रेमाँट हाऊस हे हॉटेल असे उचलले गेले. पुढे रेल्वेच्या शयनयानांमुळे नाव कमावलेला जॉर्ज पुलमन या धंद्यात होता. घर पायापासून सुटे करता येते, हवेत धरून ठेवता येते आणि खाली दुसरा पाया घालता येतो, हे ज्ञान तेव्हापासून या देशातल्या कारागिरांकडे आहे. दीडशे वर्षांनी कनेक्टिकटमध्ये त्याची फार मोठ्या प्रमाणावर गरज पडली.

काँक्रीट पायात उशिरा आले. १८२० च्या सुमारास कालव्यांच्या बांधकामासाठी न्यू यॉर्क राज्यात नैसर्गिक सिमेंटचा वापर सुरू झाला होता, आणि हडसन खोऱ्यातल्या रोझेनडेलचे सिमेंट पुढे पूल-धक्क्यांत सर्रास वापरले गेले. इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. अमेरिकेत तसे सिमेंट बनवण्याचे पेटंट डेव्हिड सेलर याला १८७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कॉप्ले गावी केलेल्या कामासाठी मिळाले. साध्या घरापर्यंत हे सिमेंट पोचले ते १९०० नंतर, आणि तेही ओतीव भिंतीपेक्षा पोकळ ठोकळ्याच्या रूपाने. हार्मन पामर याने १९०० मध्ये ठोकळे पाडण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. हाताने चालवायचे असे साचे टपालाने मागवता येऊ लागले. सिअर्स रोबक कंपनीच्या सूचिपत्रात ते होते. शेतकरी स्वतःच्या वाळूत सिमेंट मिसळून ठोकळे पाडी आणि भिंत रची. त्या काळातल्या ठोकळ्यांचा दर्शनी भाग घडीव दगडासारखा खडबडीत ठेवलेला दिसतो. त्याच कंपनीने १९०८ पासून अख्खी घरे सुट्या भागांत विकली, पण पाया गिऱ्हाइकाने आपला आपण घालायचा होता. ते योग्यच होते. लाकूड सगळीकडे सारखेच कापता येते. माती आणि हिवाळा गावागणिक वेगळे असतात.

तळघर मोठे झाले ते कोळशाच्या भट्टीमुळे. पंखा नसलेल्या काळात गरम हवा आपोआप वर चढते एवढ्याच आधारावर घर तापवायचे असे, म्हणून भट्टी सर्वांत खाली ठेवावी लागे. तिच्याभोवती कोळशाची कोठी, राखेची जागा आणि माणूस ताठ उभा राहील एवढी उंची हवी. घराच्या थोड्या भागाखाली असलेली जुनी कोठी जाऊन अख्ख्या घराखाली सात फुटांचे तळघर आले. ही भट्टी अतिशय उधळी होती; तिच्या उष्णतेचा मोठा वाटा तळघराच्या भिंतींतून बाहेरच्या मातीत जाई. तिकडे कुणाचे लक्ष नव्हते, पण त्या गळतीमुळेच भिंतीलगतची माती गोठत नसे. ‘गोठण्याच्या रेषेखाली पाया न्या’ हा नियम याच काळात गावोगावच्या बांधकाम नियमांत लिहिला गेला. घरे शाबूत राहिली, आणि श्रेय सगळे खोलीला मिळाले. अर्धे श्रेय भट्टीचे होते.

माती गोठल्यावर का उचलली जाते, याचे उत्तर तोवर सर्वांना ठाऊक असल्यासारखे वाटत होते: पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के प्रसरण पावते, म्हणून. हिशेब केला असता तर हे उत्तर अपुरे असल्याचे लगेच कळले असते. एक मीटर जाडीच्या मातीत ४० टक्के जागा पाण्याने भरलेली धरली आणि ते सगळे गोठले, तरी जमीन साडेतीन सेंटिमीटरच्या आसपासच उचलली जावी. प्रत्यक्षात रस्ते आणि घरे त्याच्या कित्येक पट उचलली जात होती. साउथ कॅरोलिना विद्यापीठातले भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी हा पेच सोडवला. त्यांचे महत्त्वाचे लेख १९२९ आणि १९३० चे. प्रयोगशाळेत मातीचे नमुने वरून गोठवताना त्यांनी खालून पाण्याचा पुरवठा चालू ठेवला. नमुने मुळात त्यांच्यात असलेल्या पाण्याच्या प्रसरणाच्या मानाने खूपच जास्त उंच झाले. कापून पाहता आत स्वच्छ बर्फाचे आडवे थर दिसले. गोठणारा थर खालच्या ओल्या मातीतून पाणी वर ओढत राहतो आणि बर्फाचे भिंग जाड होत जाते, असा याचा अर्थ होता. टेबर यांनी शंकेला जागाच ठेवली नाही. गोठताना आकुंचन पावणारी बेंझीन आणि नायट्रोबेंझीन ही द्रव्ये पाण्याऐवजी वापरून त्यांनी तोच प्रयोग केला, आणि तेव्हाही माती उचलली गेली. एवढ्या साध्या साधनांनी एवढा पक्का समज मोडून काढणारे प्रयोग अभियांत्रिकीत थोडेच आहेत.

यावरून तीन गोष्टी एकत्र लागतात हे स्पष्ट झाले: थंडी, पाणी आणि पाणी वर ओढू शकेल अशी बारीक कणांची माती. भरड वाळू आणि खडी पाणी ओढत नाहीत. शुद्ध चिकणमाती पाणी धरते खरी, पण तिच्यातून ते फार सावकाश सरकते. सर्वांत घातक ती या दोहोंमधली गाळमाती. एमआयटीत असलेल्या आर्थर कासाग्रांदे यांनी १९३१ मध्ये यासाठी व्यवहारात वापरता येईल अशी कसोटी दिली. मिश्र आकाराच्या कणांच्या मातीत ०.०२ मिलिमीटरहून बारीक कण ३ टक्क्यांपेक्षा जास्त असतील, तर ती धोक्याची समजावी. एकसारख्या कणांच्या मातीत ही मर्यादा १० टक्के. स्वीडनमध्ये गुन्नार बेस्को यांनी रस्ते आणि रेल्वेच्या अनुभवावरून याच विषयावर १९३५ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९४७ मध्ये निघाले. हे सगळे संशोधन मुख्यतः रस्त्यांसाठी झाले होते. घरे त्याचा लाभ उसना घेत आली.

घराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली. पाया पुरेसा खोल असूनही काही भिंती उचलल्या जात होत्या. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या बांधकाम विभागाने १९४७ मध्ये स्थापनेनंतर गोठणाऱ्या जमिनीचा अभ्यास हाती घेतला. तिथले एडवर्ड पेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की गोठलेली माती काँक्रीटच्या भिंतीला बाजूने चिकटते आणि स्वतः वर जाताना भिंतीलाही घेऊन जाते. न तापवलेल्या गॅरेजच्या भिंती, ओसरीचे खांब आणि कुंपणाचे डांब यांना हा त्रास सर्वाधिक; पोकळ ठोकळ्यांची भिंत असेल तर एखाद्या आडव्या सांध्यात ती सरळ दुभंगते. त्यावर उपाय भिंतीलगत मातीऐवजी खडीचा भराव, तळाशी निचऱ्याचा नळ आणि जमिनीचा उतार घरापासून दूर. तळाशी आधी मातीचे भाजलेले नळ असत, पुढे भोके पाडलेले प्लास्टिकचे आले. पाणी काढून टाकले की तिन्हीपैकी एक कारण नाहीसे होते, आणि उरलेल्या दोघांना फारसे काही करता येत नाही. जुन्या चुन्याविरहित भिंतीने हेच काम नकळत केले होते.

ओतीव काँक्रीटची भिंत ठोकळ्यांपेक्षा भक्कम, पण ती थंडीत ओतायची कशी हा प्रश्न वेगळा. सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया स्वतःची थोडी उष्णता निर्माण करते, तरी तापमान गोठणबिंदूजवळ आले की ती जवळजवळ थांबते. आणि ओले काँक्रीट पहिल्या चोवीस तासांत गोठले तर त्याची निम्मी ताकद कायमची जाऊ शकते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंत्राटदार पाण्यात मीठ टाकत. तापमान गोठणबिंदूच्या खाली जितके अंश फॅरनहाइट, तितके टक्के मीठ, असा ढोबळ नियमच होता. पेंढा आणि ताजे शेण-लीद यांनी काँक्रीट झाकण्याची रीतही होती. शेणखताची ऊब मिळे, पण त्यातली द्रव्ये काँक्रीटचा पृष्ठभाग खात, म्हणून पाठ्यपुस्तके त्याविरुद्ध बजावत राहिली. मग मिठाऐवजी कॅल्शियम क्लोराइड आले. सिमेंटच्या वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत ते घातले की काँक्रीट लवकर आवळते. त्याने आतल्या सळया गंजतात हे मात्र बऱ्याच उशिरा ध्यानात आले. हल्ली पाणी आणि वाळू गरम करून मिश्रण आणतात, ताडपत्रीचा तंबू ठोकून आत शेगड्या लावतात आणि काँक्रीटची ताकद चौरस इंचाला ५०० पौंडांवर जाईपर्यंत त्याला गोठू देत नाहीत. गोठलेल्या जमिनीवर पायाची पट्टी ओतायची नाही, हा नियम सर्वांत जुना आणि घाईत सर्वांत जास्त मोडला जाणारा.

काँक्रीट नीट आवळल्यानंतरही हिवाळा संपत नाही. ओल्या काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतले पाणी दरवर्षी अनेकदा गोठते-वितळते आणि पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. यावरचा उपाय योगायोगाने सापडला. १९३० च्या दशकात न्यू यॉर्क राज्यातल्या रस्त्यांपैकी काही भाग बर्फ आणि मिठाला इतरांपेक्षा फार चांगले तोंड देत असल्याचे दिसले. शोध घेता कळले की तिथले सिमेंट दळताना काही गिरण्यांनी दळण सुलभ व्हावे म्हणून गुरांची चरबी मिसळली होती. चरबीमुळे काँक्रीटमध्ये हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे अडकले होते. गोठताना ढकलल्या जाणाऱ्या पाण्याला या बुडबुड्यांत जागा मिळते. १९४० च्या दशकात संशोधक टी. सी. पॉवर्स यांनी त्याची मीमांसा केली आणि बुडबुड्यांमधले अंतर किती असावे ते सांगितले. आज थंड प्रदेशात उघड्यावरच्या काँक्रीटमध्ये पाच ते सात टक्के हवा मुद्दाम मिसळली जाते. जमिनीखालच्या भिंतीपेक्षा पायऱ्या, गॅरेजची जमीन आणि जोत्याचा दर्शनी भाग यांना तिचा जास्त उपयोग.

दुसऱ्या महायुद्धानंतर तळघरालाच आव्हान मिळाले. न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिट कंपनीला परत आलेल्या सैनिकांसाठी हजारो स्वस्त घरे बांधायची होती, आणि स्थानिक नियमात तळघर सक्तीचे होते. माजी सैनिकांनी सभागृह गच्च भरले आणि १९४७ मध्ये हेम्पस्टेड नगराने नियम बदलला. लेव्हिटटाउनची घरे काँक्रीटच्या सपाट थरावर उभी राहिली. थरात तांब्याचे नळ आणि नळांत गरम पाणी. ही कल्पना वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने दहा वर्षे आधी अधिक कडाक्याच्या थंडीत वापरली होती. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात १९३७ मध्ये पुरे झालेल्या, त्याने आखलेल्या जेकब्ज यांच्या घराला पूर्ण तळघर नाही. तापवणारे नळ थराखालच्या भरावात घातलेले आहेत. जमिनीखालून खोली तापवण्याची कोरियन पद्धत राइटने टोकियोत एका सरदाराच्या घरी अनुभवली होती, आणि त्याने ते स्वतः लिहून ठेवले आहे. कोरियातली ओंडोल, टोकियोतली खोली, विस्कॉन्सिनचा हिवाळा अशा प्रवासाने आलेला हा पाया गोठण्याच्या रेषेच्या बराच वर होता. घराची ऊबच जमिनीला गोठू देत नव्हती.

अमेरिकेत असा उथळ पाया एका वास्तुविशारदाचा प्रयोग राहिला. स्कँडिनेव्हियाने त्याचे शास्त्र केले. युद्धोत्तर काळात स्वीडन आणि नॉर्वेत उथळ पायाच्या कडेने उभ्या आणि कोपऱ्यांत जमिनीखाली आडव्या पसरलेल्या उष्णतारोधक फळ्या वापरायला सुरुवात झाली. कोपऱ्यांना दोन बाजूंनी थंडी लागते, म्हणून तिथे फळ्या रुंद. नॉर्वेत १९७० ते १९७६ या काळात ‘मातीतील तुषार’ या विषयावर राष्ट्रीय पातळीवर संशोधन झाले आणि हिवाळ्याच्या तीव्रतेनुसार फळ्यांची जाडी-रुंदी देणारे तक्ते तयार झाले. पाया अवघा ४० सेंटिमीटर खोल, तरीही सुरक्षित. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमध्ये अशा पायांवर दहा लाखांहून जास्त घरे उभी असताना अमेरिकी घरबांधणी नियमांनी ही पद्धत १९९५ मध्ये मान्य केली. उशिराचे कारण तांत्रिक कमी आणि सवयीचे जास्त. तळघराची सवय झालेल्या गिऱ्हाइकाला उथळ पाया स्वस्तातला वाटतो, आणि तपासनीस फूटपट्टीने खोली मोजू शकतो. जमिनीतली उष्णता त्याला मोजता येत नाही.

याच उष्णतेने १९७३ च्या तेलटंचाईनंतर उलटा धडा दिला. इंधन वाचवण्यासाठी जुन्या तळघरांच्या भिंतींना आतून उष्णतारोधक अस्तर लावण्याची लाट आली. भिंत आता आतून तापेना, बाहेरची माती पूर्वीपेक्षा खोल आणि भिंतीला अगदी लागून गोठू लागली. गाळमाती आणि वाईट निचरा असेल तिथे पन्नास वर्षे उभ्या असलेल्या भिंती आत झुकल्या. कुणी राहत नसलेल्या, तापवणे बंद केलेल्या घरांचे हेच होते, आणि शरदात तळघर खणून छप्पर घालण्याआधीच हिवाळ्यात अडकलेल्या अर्धवट बांधकामाचे तर फारच वाईट: तिथे पायाची पट्टीच खालून उचलली जाते.

उत्तरेला आणखी वर, जिथे जमीन वर्षभर गोठलेलीच असते, तिथे हा सगळा तर्क उलटा होतो. घराची ऊब तिथे शत्रू. ती खाली गेली तर जमीन वितळते आणि घर बुडते. कॅनडातले इनुविक हे गाव १९५० च्या दशकात वसवताना इमारती जमिनीत रोवलेल्या खांबांवर उचलून ठेवल्या, खालून वारा खेळता ठेवला आणि पाण्या-सांडपाण्याचे नळही जमिनीवरूनच नेले.

पुन्हा तळघरांच्या मुलखाकडे वळू. पाया बदलण्याचे काम तिथे एकेकाळी घरोघरी वेगळे असे. ठोकळ्यांची भिंत वरच्या एक-तृतीयांश भागात, गोठण्याच्या खोलीच्या आसपास, आडवी चिरते आणि आत पोटासारखी फुगते. थोडी फुगली असेल तर पोलादी खांब उभे करून किंवा कार्बन तंतूंच्या पट्ट्या चिकटवून ती थोपवतात; जास्त असेल तर बाहेरून खणून भिंत नव्याने घालतात. दगडी तळघराचा एखादाच कोपरा उतरवून तिथे काँक्रीट ओतण्याची कामे न्यू इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. अख्ख्या वस्तीचे पाये एकदम बदलण्याची वेळ आली ती पायरोटाइट या लोह आणि गंधकाच्या खनिजामुळे.

क्वेबेकमधल्या त्रवा-रिव्हियेर शहराच्या परिसरात नव्या घरांच्या पायांना जाळीसारख्या भेगा पडू लागल्या. तिथल्या काँक्रीटमधल्या खडीत पायरोटाइट होते. पाणी आणि हवा मिळाली की या खनिजाचे ऑक्सिडीकरण होते, त्यातून सल्फ्यूरिक आम्ल तयार होते, आणि ते सिमेंटशी संयोग पावून फुगणारी दुय्यम खनिजे बनवते. काँक्रीट आतून फुटत जाते. दुरुस्ती नाही, एकदा खडी भिंतीत गेली की ती काढता येत नाही. २०१४ मध्ये क्वेबेकच्या न्यायालयाने घरमालकांच्या बाजूने मोठा निकाल दिला. अशीच पडझड कनेक्टिकट राज्याच्या ईशान्य भागात २०१५ च्या सुमारास सार्वजनिक चर्चेत आली. विलिंग्टन गावाच्या हद्दीतली एक खाण पायरोटाइट असलेल्या खडकावर होती, आणि १९८३ पासून तिची खडी घरांच्या काँक्रीटमध्ये जात होती. भेगा दिसायला दहा-वीस किंवा त्याहून जास्त वर्षे लागतात, त्यामुळे घरे एक-दोनदा विकली गेल्यावर दोष उघडा पडला. घरविमा कंपन्यांनी बहुतेक दावे नाकारले, कारण त्यांच्या करारात ‘कोसळणे’ म्हणजे अचानक कोसळणे होते आणि हे पाये सावकाश मरत होते.

राज्याने २०१७ च्या कायद्याने एक स्वतंत्र भरपाई संस्था उभी केली. तिने २०१९ च्या जानेवारीपासून अर्ज घेतले. पैसा राज्याच्या रोख्यांतून आणि प्रत्येक घरविम्यावर लावलेल्या वर्षाला १२ डॉलरच्या अधिभारातून आला. सुरुवातीला एका घराला जास्तीत जास्त १,७५,००० डॉलर मिळू शकत होते. एक पाया बदलण्याचा खर्च साधारण दीड ते अडीच लाख डॉलर येतो, तेव्हा मोठ्या घरांच्या मालकांना उरलेला भार स्वतःच उचलावा लागला.

कामाची रीत शिकागोच्या जॅकवाल्यांना ओळखीची वाटली असती. तळघर रिकामे करतात. भट्टी, पाणी तापवण्याची टाकी, वीज आणि नळजोडण्या सोडवतात. भिंतींना भोके पाडून पोलादी गर्डर आरपार घालतात, खाली लाकडी ओंडक्यांचे चौथरे रचतात आणि एकत्र चालणाऱ्या द्रवचालित जॅकांनी घर काही इंच उचलतात. मग सभोवती खणून जुना पाया फोडून नेतात, नवी पट्टी आणि भिंत ॲल्युमिनियमच्या साच्यात ओततात, बाहेरून ओलरोधक लेप, निचऱ्याचा नळ, खडी, आणि शेवटी घर खाली उतरवून नव्या भिंतीला बोल्टने बांधतात. काही महिने कुटुंब दुसरीकडे राहते. हिवाळ्यात हे काम शक्यतो टाळतात. घर हवेत असताना त्याची ऊब खाली पोचत नाही, आणि उघडी पडलेली जमीन एका थंड रात्रीत गोठू शकते.

नव्या काँक्रीटसाठी खडी कुठली, हा प्रश्न आता आधी विचारला जातो. युरोपीय मानकात पायरोटाइट असलेल्या खडीतले एकूण गंधक ०.१ टक्क्याच्या आत असावे लागते. अमेरिकेत अशी मर्यादा नव्हती. कनेक्टिकटने पुढे काँक्रीटसाठी खडी पुरवणाऱ्या खाणींना खडकाचा भूवैज्ञानिक अहवाल देणे आणि गरज पडल्यास खनिजाची तपासणी करणे बंधनकारक केले.